वाकळेचा पहिला घास

वाकळ उपाशी ठेवायची नसते. हे ज्याला मुळातच ठाऊक नाही त्याला सांगायचं तरी कसं? शहरात हिला गोधडी म्हणतात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुकानात मांडतात, आणि तिच्या पोटात काय आहे हे कुणी विचारत नाही. आमच्याकडं तसं नसतं. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, चारी बाजूंनी बायका बसायच्या आणि कडेपासून टाके घालत मध्याकडं सरकायचं. बरोबर मधोमध तळहाताएवढी जागा उरते, तेच वाकळेचं पोट. तिथं भाकरीचा नखाएवढा तुकडा ठेवायचा, वर चौकोनी ठिगळ लावायचं आणि मगच शेवटचा टाका. झाली वाकळ जेवून. आता ती कुणालाही ऊब द्यायला मोकळी.

माझं माहेर कवठे महांकाळचं, दुष्काळी मुलखातलं. तिकडं उपाशी हा शब्द कुणी चेष्टेवारी नेत नाही. आई म्हणायची, उपाशी वाकळंत झोपणारा रात्रभर कुशी बदलतो. लग्न होऊन मी रहिमतपूरला आले. इथं ऊस, आलं, पाणी, सगळं मुबलक, पण वाकळेचा घास मात्र इथंही तसाच. मला बरं वाटलं. सासर काही अगदीच परकं नाही म्हटलं.

मग आली आमची सून. पुण्याची, पेठेत वाढलेली, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी. मुलगा साताऱ्याला एमआयडीसीत, आणि हिची कंपनी म्हणाली की घरून काम केलं तरी चालेल, म्हणून ही रहिमतपूरला राहिली. मला वाटलं होतं, चार दिवसांत कंटाळेल. कसली कंटाळते! दुपारी काम संपलं की माझ्या शेजारी येऊन बसायची, सुई हातात घ्यायची आणि बोटं टोचून घ्यायची. टाका असा घालायची की बेडकानं उडी मारावी. एक इथं, एक तिथं. पण हसायची मनापासून, आणि मला हसणारी माणसं आवडतात. घरात एक सुभेदार पुरेत तोंड फुगवायला. सुभेदार म्हणजे आमचे हे. फौजेतून कधीच निवृत्त झाले, पण फौज काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही.

एके दिवशी सुनेनं माझ्या वाकळेचे फोटो इंटरनेटवर टाकले. कुणी बघेल असं मला वाटलंही नव्हतं. पण हॉलंडमधल्या एका बाईनं बघितले. तिचं तिकडं घरातल्या वस्तूंचं दुकान आहे. जुनं कापड फेकून न देता त्याचं काही चांगलं झालेलं असावं, हातानं केलेलं असावं, अशा वस्तू ती देशोदेशींहून मागवते. तिनं विचारलं, अशा वाकळा करून द्याल का?

आणि विचारलं म्हणजे काय विचारलं! किंमत राहिली बाजूला. बायका बसतात तिथं उजेड आहे का? प्यायला पाणी आहे का? संडास आहे का? प्रत्येकीचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जातील ना? सुभेदार वैतागले.

"ही बाई धंदा करायला निघालीय का इन्स्पेक्शनला?"

मी म्हटलं, "आवं, हितं येऊन माझं अर्धं आयुष्य गेलं. माझ्या संडासाची चौकशी करणारी ही पयलीच भेटली. गप बसा."

गप बसले. दुसऱ्या दिवशी गवंडीही तेच घेऊन आले. आमची एक आल्याची जुनी वखार रिकामी पडली होती. तिला खिडक्या पाडल्या, पाण्याची टाकी बसवली, मागं संडास बांधला. आमच्या गल्लीतल्या बायका आल्या, विहाराशेजारच्या आळीतल्या आल्या. पहिल्या दिवशी दोन्हीकडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसल्या. पण वाकळेला चार बाजू असतात, चारी बाजूंना माणूस लागतं. दुपारपर्यंत सगळ्या एकमेकींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या आणि कुणाचा नवरा जास्त घोरतो यावर वाद चालला होता.

त्यांत विहाराजवळची एक मावशी होती. सत्तरीची, दात दोनचार उरलेले, पण जीभ शाबूत. तिचा टाका तांदळासारखा बारीक, आणि बोलणं त्याच्या बरोबर उलटं. मला सुभेदारीण म्हणायची. "सुभेदारीण, टाका हाय का गाडीचा रूळ?" असं माझ्या शिवणीला म्हणाली होती. मी दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं उसवून परत घातला. काय करता, खरं बोलली होती.

आधी नमुना म्हणून बाळाचं एक दुपटं पाठवलं. ते हॉलंडला सुखरूप पोचलं. बाई म्हणाली, याला आल्याचा वास येतोय आणि मला तो फार आवडलाय. झालं, मोठी ऑर्डर आली.

आणि त्याच सुमारास पुण्याहून कंपनीचाही निरोप आला. घरून काम बंद. एप्रिलपासून ऑफिसात हजर व्हा.

सून माझ्याजवळ येऊन बसली. "आई, मी ठरवलंय. ही पहिली खेप नीट पोचली आणि पुढची ऑर्डर आली, तर मी नोकरी सोडते आणि हेच करते. नाही तर मग पुण्याला जावं लागेल. नुसत्या हौसेवर घर चालत नाही."

"तुझी मर्जी," मी म्हटलं.

तोंडानं म्हटलं. मनात भलतंच चाललं होतं. ती पुण्याला गेली की मुलगाही तिकडंच नोकरी बघणार, आणि या घरात राहणार मी आणि सकाळी सहाला बूट पॉलिश करणारे सुभेदार. ती जायला नको होती मला. सांगून टाकते, त्यात लाजायचं काय? त्या दिवशी मी तिच्या जुन्या कपड्यांची एक वाकळ घालायला घेतली. तिच्या कॉलेजातल्या ओढण्या, लग्नातली फाटलेली साडी, सगळं त्यात घेतलं. जायचीच झाली तर संगं द्यायला. कडेकडेनं शिवत आले आणि मध्यावर येऊन थांबले. पुढं हातच चालेना. शेवटचा टाका घातला म्हणजे निरोपच दिल्यासारखा. गुंडाळून ठेवली फडताळात, पोट उघडंच ठेवून.

ऑर्डरीच्या वाकळा मात्र झपाझप झाल्या. जुनी लुगडी उकळत्या पाण्यात धुतलेली, कडक उन्हात वाळवलेली. सुनेनं नियम शिकवलेले, ते सगळ्यांनी पाळलेले. सुई मोडली तर तिचा तुकडा सापडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. केस नको, धूळ नको. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात सगळा माल खोक्यांत भरला. खोक्यांवर सुभेदारांनी काळ्या रंगानं अशी काही अक्षरं काढली की हॉलंडला वाटावं रणगाड्याचे सुटे भाग आलेत. मुंबईहून सोमवारी गाडी येणार होती.

शुक्रवारी सकाळी सुभेदार खोक्यांची हजेरी घ्यायला वखारीत गेले आणि तिथून ओरडले, "अगं ए, घुसखोरी झालीय!"

मुंग्या. लाल मुंग्यांची रांग भिंतीवरून खाली, फरशीवरून सरळ खोक्याकडं आणि फटीतून आत. सुनेनं खोका उघडला, वरची वाकळ काढली. मुंग्या बरोबर मधल्या ठिगळापाशी गोळा झालेल्या. तिनं कात्रीनं ठिगळाची एक बाजू उसवली, बोट आत घातलं आणि बाहेर काढलं ते तांबूस, चिकट, तीळ लागलेलं.

"आई, हे काय आहे?"

"घास हाय."

"कसला घास?"

मी सांगितलं. आणि गुळाच्या पोळीचंही सांगितलं. एरवी आम्ही वाळकी भाकरी घालतो, तिला मुंगी काय, उंदीरसुद्धा विचारत नाही. पण वाकळा भरायच्या दिवसांत घरोघर संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या झालेल्या. मीच म्हटलं, पोरी परदेशी निघाल्यात, कोरडी भाकरी घालून पाठवायची? लोक काय म्हणतील? साताऱ्याची अब्रू जाईल. सगळ्यांना पटलं. मावशीनं तर वर तुपाचं बोट लावलं.

सून खोक्यावर मट्‌कन बसली. "सगळ्यांत घातलंय?"

"मग काय, निम्म्या उपाशी ठिवायच्या?"

"पण त्या दुपट्यात तर नव्हतं काही!"

"तान्ह्या बाळाला कसली पोळी घालतीस? त्याला दात तरी हायत का?"

तिनं डोक्याला हात लावला. हसावं का रडावं ते तिला कळत नव्हतं, चेहऱ्यावर दोन्ही दिसत होतं. मुंबईला माल पाठवणाऱ्या एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, कापडात अन्न? तिकडच्या बंदरात सापडलं तर अख्खा माल परत येईल. नाही तर तिथंच जाळून टाकतील."

जाळतील हा शब्द ऐकला आणि बायका खोक्यांभोवती गोळा झाल्या. सून म्हणाली, "आता एकच उपाय आहे. सगळी ठिगळं उसवायची, आतलं काढायचं, पुन्हा शिवायचं. आपल्याकडं तीन दिवस आहेत."

कुणी हललं नाही. मावशीनं सुई पदराला टोचली आणि हाताची घडी घातली. "काडायचं म्हणजे? खाल्लेला घास तोंडातनं काडायचा? मी न्हाई करनार. लाईट न्हाई म्हटलीस तर चिमणीवर शिवीन. पन उपाशी वाकळ माझ्या हातनं जायची न्हाई."

"मावशी, नियम आहे तो."

"नियम असंल. तिकडं कोन तरी थंडीत आंगावर घेनार. त्याला झोप लागली न्हाई तर तळतळाट कुनाला? मला."

एकामागून एक सगळ्याजणी तिच्याच बाजूला गेल्या. आणि खरं सांगू, माझंही मन तिकडंच होतं. एका बाजूला सून जायची भीती आणि दुसऱ्या बाजूला आईची शिकवण. आली का पंचाईत! मी सुनेला बाजूला घेतलं. म्हटलं, दोघी मिळून गुपचूप उसवू, बायकांना कळायचं नाही, त्या हॉलंडवालीलाही कळायचं नाही.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पदर सारखा केला.

"आई, ह्या बायकांना फसवून आणि तिला लपवून? असा धंदा किती दिवस चालेल? तिनं आपल्याला सगळं स्पष्ट विचारलं होतं. मीही तिला स्पष्ट सांगणार. गेली ऑर्डर तर गेली."

"आणि तू?"

"मग मीही जाईन," ती म्हणाली आणि नाक पुसलं.

दुपारी वखारीतच तिनं फोन लावला, व्हिडिओवाला. तिकडं सकाळ असावी, बाईच्या हातात कप होता. पन्नाशीची, पांढरे केस, चष्मा. मागं भिंतीवर आमचं दुपटं टांगलेलं. सून तिला इंग्रजीत सांगत गेली. मुंग्या, गूळ, घास, सगळं सांगितलं. बाईच्या कपाळावर आठ्या पडत गेल्या. कप खाली ठेवला. वखारीत फक्त पंख्याचा आवाज. सुभेदार दारात सावधान उभे.

शेवटी बाई बोलली. सुनेनं सांगितलं, "ती म्हणतेय, अन्न काढावंच लागेल, त्याला तिचा इलाज नाही. पण तुमच्या मनाविरुद्ध तिला काही करून घ्यायचं नाही. तिनं विचारलंय, काय केलं तर वाकळ उपाशी राहणार नाही?"

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. वाकळ उपाशी नसते कारण तिला घास भरवतात, संपलं. मी मावशीकडं बघितलं. मावशी कपाळाला आठ्या घालून फोनकडं बघत होती. मग ती उठली, गुडघ्यावर हात टेकत टेकत सुनेजवळ गेली आणि फोनात पार नाक खुपसून मोठ्यानं म्हणाली, जणू आवाज हॉलंडपर्यंत इथूनच पोचवायचा आहे:

"आवं बाई, ऐका. लेक सासरी निघाली की आई तिच्या तोंडात कोंबून न्हाई पाठवत. पोचल्यावर सासरची मानसं बसवत्यात आनि पयला घास भरवत्यात. व्हय का न्हाई? मग ह्या आमच्या लेकी. आमी मोकळ्या पोटानं पाठवतो. पयला घास तिकडल्यांनी भरवायचा. वाकळ हातरायची, तिच्यावर बसायचं आनि घरातलं दोन घास खायाचं. मगच आंगावर घ्यायची. कबूल असंल तर आत्ता उसवते, न्हाई तर राम राम."

सुनेनं भाषांतर केलं. बाईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग काहीतरी विचारलं आणि सून फसकन हसली.

"ती विचारतेय, कुठली भाकरी चालेल? तिच्याकडं काळा पाव असतो."

मावशी म्हणाली, "घरात आसंल ती चालंल. पन शिळी नको म्हनावं."

काय सांगू, वखार हसण्यानं दणाणली. तिकडं बाईही हसत होती आणि डोळे पुसत होती. ती म्हणाली, मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगेन, सांगितल्याशिवाय एकही वाकळ विकणार नाही. आणि घाई करू नका, गाडी चार दिवस पुढं ढकला.

मग काय, कात्र्या चालायला लागल्या. उसवता उसवता उखाण्यांना ऊत आला. एकीच्या ठिगळातून पोळीचा एवढा मोठा चतकोर निघाला, तर मावशी म्हणाली, "हिनं घास न्हाई, न्याहारी बांधलीया!" काढलेल्या पोळ्या गाईंनी खाल्ल्या. सुभेदारांनी मुंग्यांच्या सगळ्या वाटा हळद टाकून बंद केल्या आणि दोन दिवस वखारीला पहारा दिला. ठिगळं परत लावली, रिकामीच. गाडी आली तेव्हा मावशीनं प्रत्येक खोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जावा, तिकडं मागून खावा. लाजू नगा."

मग वाट बघणं आलं. समुद्रातून माल जायचा म्हणजे वेळ लागतो, हे सुनेनं दहा वेळा सांगितलं, तरी मी रोज विचारायची. मार्च सरत आला. सुनेनं पुण्यात खोली बघून ठेवली. मी तोंडावर हसू ठेवून तिच्यासाठी लोणच्याच्या बरण्या भरत होते आणि एकटी असले की फडताळ उघडून ती अपुरी वाकळ बघत होते.

आणि एका सकाळी सून जिन्यावरून धडधडत खाली आली. फोन माझ्या नाकाशी धरला. फोटोच फोटो! एका लाकडी घरात फरशीवर आमची वाकळ, तिच्यावर म्हातारा म्हातारी बसलेली, मध्ये काळा पाव. दुसऱ्या फोटोत कॉलेजातली पोरं, त्यांच्या हातात पिझ्झा. मावशीला दाखवलं तर म्हणाली, "ही कसली भाकरी, हिला वरनं कालवण सांडलंय." एका फोटोत एक लहान मुलगी वाकळेच्या मधल्या ठिगळापाशी बिस्किट धरून बसलेली, तिला भरवत होती खरोखरची. तो फोटो बघून मावशीनं पदर डोळ्यांना लावला आणि वर आम्हालाच म्हणाली, "बघता काय, कचरा गेलाय डोळ्यात."

फोटोंच्या खाली बाईचं एक वाक्य होतं. पुढची ऑर्डर, पहिलीच्या दुप्पट.

मी सुनेकडं बघितलं. ती फोन घेऊन वर निघून गेली. मीही विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाली तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

तिसऱ्या दिवशी दारात कुरिअरवाला आला. सून लॅपटॉप घेऊन खाली आली. कंपनीचा लॅपटॉप, ज्याच्यावर ती दिवसभर काम करायची. सुभेदार खोका घेऊन आले, लॅपटॉप आत ठेवला, पट्टी लावली आणि वर काळ्या रंगानं रणगाड्याच्या अक्षरात लिहिलं: परत. कुरिअरवाला खोका घेऊन गेला. मी चुलीकडं तोंड करून उभी राहिले, कारण माझं तोंड कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं. आनंदानं माणूस किती वेडंवाकडं दिसतं!

दुपारी फडताळातून तिची वाकळ काढली. पडवीत अंथरली. सून बघतच राहिली. आपली ओढणी, आपली साडी ओळखून एकेका तुकड्यावरून हात फिरवायला लागली. मध्ये पोट उघडंच होतं.

"हिचं पोट असंच ठेवायचं ना आता? तिकडच्यांनी भरवायचं?" तिनं विचारलं.

"परगावी जाणारीला तसं. ही कुठं निघालीय?"

ती उठून आत गेली आणि सकाळची भाकरी घेऊन आली. तिनं स्वतः थापलेली. एका बाजूनं जाड, एका बाजूनं करपलेली. तिनं कडेचा एक तुकडा मोडला आणि बरोबर मधोमध ठेवला. मी वर ठिगळ धरलं आणि टाका घालायला लागले. माझ्या शिवणीला त्या दिवशी मावशीनंही नावं ठेवली नसती.

मध्येच ती म्हणाली, "आई, हॉलंडला गुळाची पोळी, वर तूप. आणि मला कोरडी भाकरी?"

मी दोरा दातानं तोडला.

"गुळाची पोळी पाव्हण्याला असती," मी म्हटलं. "घरच्या मानसाला भाकरी."

ती हसली आणि त्या वाकळेवर आडवी झाली.